घरी बसून बघा

"पोरांका मधी हाडू नको गो बाय," चाळीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे बुधाजी तेव्हाच म्हणाले होते. "गाऱ्हाण्यात पडलेलो शब्द मागे घेवक येणा नाय."

प्राचीने ते हसण्यावारी नेलं. एम.कॉम. झालेली बाई गाऱ्हाण्याला कशाला घाबरेल? चाळ घाबरते, तेवढं तिला पुरेसं होतं. शेवटी बुधाजींनी गणपतीच्या तसबिरीपुढे नारळ धरून तिला हवं तेच म्हटलं, "शुक्रवारी आमच्या चाळीतलो जो कोण समोरच्या थेटराची पायरी चढात, तेच्या लेकराबाळांक भोगूचा लागांदे, रे महाराजा!" चाळीस खोल्या ओरडल्या, "व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज प्राचीचा.

आज तो शुक्रवार. संध्याकाळचे सात. लालबागच्या चाळीच्या चौकात, पहिल्या मजल्याच्या कठड्याला पांढरी चादर ताणून बांधलेली. नवा सिनेमा एकाच दिवशी थिएटरात लागला होता आणि ऑनलाइनही आला होता. लॅपटॉप प्राचीचा, प्रोजेक्टर तिच्या ऑफिसातला, खुर्च्या मंडळाच्या. सुभद्राकाकी उकडलेल्या शेंगा वाटत होत्या.

रस्ता ओलांडून थिएटरचा मॅनेजर रघुवीर आला आणि चादरीसमोरच उभा राहिला.

"मॅडम, माझा शो पडला. पंधरा प्रेक्षक तरी लागतात हो चालवायला."

"अरेरे," प्राची म्हणाली.

तिच्या खांद्यावर सात महिन्यांची मनू झोपली होती. मागच्या महिन्यात मनू आत रडली, तेव्हा याच माणसाने तोंडावर टॉर्च मारून दोघींना भरल्या थिएटरातून बाहेर काढलं होतं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरं सांभाळता येत नसतील तर घरी बसून बघा? बसलोय. घरी."

वरच्या गॅलरीतून शिट्ट्या आल्या. सुभद्राकाकींनी शेंगांचं ताट पुढे केलं. "बसा सायेब, बसा. आमी कोणाक भायर काढणंव नाय."

रघुवीर हसला नाही. "तुमच्या चाळीतला एक माणूस आत आहे. बाल्कनीत, एफ सात. कुशाबा नाव."

सगळे प्राचीकडे वळले. कुशाबा प्राचीचे सासरे. गाऱ्हाणं घातलं तेव्हा ते गावाला होते, कालच आले होते. पाय मोकळे करून येतो, म्हणून दुपारी बाहेर पडले होते.

"शो रद्द झाला म्हटलं, तर म्हणतात, माझ्या नातीला उठवलंत ना, आता मला उठवून दाखवा."

प्राचीला क्षणभर बरंच वाटलं. मग तिने विचारलं, "आतले दिवे चालू आहेत ना? एसी?"

"एका माणसासाठी? सगळं बंद केलं."

"अहो, एप्रिलमध्ये बायपास झालीय त्यांची!"

"मग घेऊन जा त्यांना. मघाशी दोन हाका मारल्या मी, ओ दिली नाही. माझी माणसं गेली घरी. दार उघडं ठेवलंय." रघुवीरने एक खुर्ची ओढली, पहिल्या रांगेत ठेवली आणि पाय पसरून बसला. "लावा सिनेमा. आज मीपण घरी बसूनच बघतो."

प्राचीने सासऱ्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. नवरा, अमित, कामावर होता, त्याचा फोन बंद होता. आणि व्हय महाराजा तर त्यानेही म्हटलं होतं. तिने बुधाजींकडे पाहिलं. ते खाली बघत होते. सुभद्राकाकींनी नातवाला जवळ ओढलं. कुणी उठलं नाही.

ती एकटीच रस्ता ओलांडून गेली. थिएटरच्या पाच पायऱ्या. खालूनच तिने "आबा!" म्हणून हाक मारली. ती बाल्कनीपर्यंत पोचली नसणारच. हे सगळं थोतांड आहे, तिला पक्कं माहीत होतं. तिने एक पाय उचलला. खांद्यावर मनू झोपेतच खोकली. एकदाच.

पाय खाली आला.

फुटपाथवरून तुम्ही जात होतात. तिने तुमची वाट अडवली.

"अहो, ऐका ना. तुम्ही आमच्या चाळीतले नाही ना? तुम्ही व्हय महाराजा म्हणाला नव्हतात. वर गेलं की डावीकडे जिना आहे. बाल्कनी, एफ सात. मोबाइलचा उजेड धरा. आबा म्हणून हाक मारा, घरात सगळे तसंच म्हणतात. आणायलाच हवं असं नाही. ओ देतात का, तेवढं फक्त बघून या."