'एबल'वरचा जोर

शेवटी 'एबल' येणाऱ्या इंग्रजी विशेषणांत 'ए'वर जोर द्यायचा, असं मी तीस वर्षं टेबलावर पट्टी आपटून शिकवलं. रेल्वे इंजिनावरच्या फायरमनचा मुलगा भिकन मात्र 'कम्फर्टेबल'च्या सुरुवातीलाच जोर द्यायचा आणि पुढचं गिळायचा. मी न रागावता त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो.

रविवारी भुसावळ स्टेशनावर एका गोऱ्या गार्डच्या तोंडून तोच शब्द ऐकला. अगदी भिकनसारखा.

सोमवारी मी त्याला म्हणालो, "भिकन, तुझंच बरोबर होतं रे."

"मंग गुर्जी, उद्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सायबाले कसं म्हनून दाखवू? शिष्यवृत्ती हुकली तं बाप इंजिनवर कोळसा टाकाले नेईन."

मी पट्टी पुन्हा हातात घेतली.



"माझ्यासारखंच म्हण, बाळा. उद्या परीक्षा घेणारे साहेब माझ्याच हाताखाली शिकलेत."