मावशीआजीचा खडू

पुरस्कार घेतल्यावर लेखिकेला कुणीतरी विचारलं, "लिहायची गोडी कुणी लावली?"

"मावशीआजीनं," ती म्हणाली, आणि तिला तो शिवणकामाचा खडू आठवला.

मावशीआजी माडीवर कपडे शिवायची. आतून नवरा ओरडला, की ती नातीच्या हातात खडू द्यायची. "टेबलावर राक्षसाची गोष्ट लिही. मी येईपर्यंत मान वर करायची नाही." आत लाकडी पट्टीचे फटके वाजत, बाहेर गोष्ट लांबत जाई. मग फुटलेल्या ओठांनी मावशीआजी ती वाचायची, "शाब्बास" म्हणायची आणि फडक्यानं टेबल पुसून टाकायची.

एकदा मात्र ती लोखंडी इस्त्री उचलूनच आत निघाली. "आज राक्षस मरू दे. पण कुणी मारायचा नाही हं, आपला आपण मरू दे."

आत एकच दणका झाला. रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येऊन तिनं गोष्ट वाचली. राक्षसाची चप्पल अडकली, तो जिन्यावरून गडगडला आणि पायरीवर त्याचं डोकं फुटलं.

"शाब्बास!" तिनं टेबल पुसलं आणि ती पुन्हा आत गेली. जरा वेळानं जिन्यावरून काहीतरी जड गडगडत खाली गेलं.


संध्याकाळी हवालदारानं नातीची गोष्ट मावशीआजीच्या तोंडून ऐकली आणि काना-मात्रेचा फरक न करता कागदावर उतरवून घेतली.