जादा ब्रेक

खिशाला परवडणारी एकच गाडी सापडली: ड्रायव्हिंग स्कूलने विकायला काढलेली. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक अजून तसाच होता. “हीच घेऊ,” नवशिक्या लेकीला आई म्हणाली, “या ब्रेकवर माझा पाय राहील, म्हणजे जिवाला घोर नाही.” दोघी चालवून बघायला निघाल्या. चौक ओलांडताना बाजूने ट्रक येताना दिसला आणि आईने दचकून ब्रेक दाबला. गाडी मधोमध बंद पडली. ट्रक हॉर्न देत आला, हातभर अंतरावर थांबला. लेक आईकडे वळली. “अगं आई, मी निघून जात होते! दोघींनी चालवली तर दोघी मरू.” “मी उतरू का?” आईने विचारलं. “नको. मला एकटीला भीती वाटते.” आईने चपला काढल्या, पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली. “चालव आता,” ती डोळे मिटून म्हणाली.