तिसरं प्रकरण

शालिकराम सरांनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि पुढे पायी निघाले. अमरावतीहून अकोल्याला जातो आहे हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. नीलरेखा पुरस्काराच्या परीक्षकाने निकालाआधी लेखिकेला भेटणं नियमात बसत नव्हतं.

इंग्रजी कादंबरीसाठी देशात याहून मोठा मान नाही. आठ वर्षांपूर्वी तो सरांना मिळाला होता. यंदा अंतिम पाच पुस्तकांत ज्योत्स्ना गवई हे नाव आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, पहिलीच कादंबरी. तुमच्या वऱ्हाडातली मुलगी, म्हणून दिल्लीच्या परीक्षकांनी सरांचं फोनवर अभिनंदनही केलं. त्याच दुपारी सरांनी तिसरं प्रकरण वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

वरूडच्या संत्राबागेचं ते प्रकरण त्यांच्याही कादंबरीत होतं. तीच बहर न धरलेली झाडं, झाडांशी भांडणारी तीच विधवा. काही वाक्यं तर जशीच्या तशी.

इतर परीक्षकांच्या ते अजून लक्षात आलं नव्हतं. आज ना उद्या येणारच होतं.

दार ज्योत्स्नाच्या आईने, जाईबाईंनी उघडलं. "या. पोरगी किती दिवसांपासून तुमचीच वाट पाहून राहिली."

ज्योत्स्ना पाणी देऊन समोर बसली. पस्तिशीची, शांत. सरांनी खोलीभर नजर फिरवली. पुस्तकांचं एक कपाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर.

"माझी कादंबरी वाचली आहेस?"

"हो सर. दोनदा."

तिने नजर खाली घातली नाही. सरांना ते खटकलं.

"मग तिसऱ्या प्रकरणाचं काय?"

"ते मी बारा वर्षांपूर्वी लिहिलं."

"पुरावा? कॉम्प्युटरवर असेल ना काही?"

"तेव्हा माझ्याकडे कुठला कॉम्प्युटर? हातानेच लिहिलं होतं, फुलस्केपवर."

"ते कागद कुठे आहेत?"

"आता माझ्याजवळ नाहीत."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि संपवूनच खाली ठेवला.

चहा घेऊन आलेल्या जाईबाई दारातच थांबल्या. "थे बागेतली बाई माही मावशी होती. मीच सांगतली तिची गोष्ट पोरीले."

"खरं असेल, बाई," सर मऊपणे म्हणाले. "पण आईची साक्ष कोण धरतं? माझं पुस्तक आठ वर्षं बाजारात आहे, तिचं यंदा आलं. लोक काय म्हणतील?" मग ते ज्योत्स्नाकडे वळले. "उद्या कुणी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर पुरस्कार राहू दे, नोकरीवर येईल. दोन ओळींचं पत्र लिही. घरगुती कारणाने नाव मागे घेते म्हण. मी कुणाजवळ काही बोलणार नाही."

"काहून मागं घ्यावं तिनं?"

"आई, थांब." ज्योत्स्ना सरांकडे पाहत होती. "हे तुम्ही फोनवरही सांगू शकला असता, सर."

"अशा गोष्टी फोनवर बोलत नाहीत. तुझ्या भल्यासाठी आलो."

"मले माहीत होतं तुमी याल," ती म्हणाली. इतका वेळ जपून वापरलेली पुस्तकी भाषा तिने सोडून दिली होती. "प्रकाशक म्हणत होते थे प्रकरण काढून टाका. मी नाही काढलं."

"का?"

ती उठली. कपाटातून एक जुनाट कार्ड काढून तिने त्यांच्यासमोर ठेवलं. रजिस्टर पोस्टाची पोचपावती होती. शिक्का बारा वर्षांपूर्वीचा, अमरावतीचा.

"कागद अभिप्रायासाठी पाठवले होते. उत्तर काही आलं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "पण सही तुमचीच आहे, सर."