झेल

रेगेन्सबर्गला पीएचडी करणारा यशोधन २००४ साली तिथल्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबमध्ये वाइड रिसीव्हर झाला, म्हणजे लांब पळत जाऊन चेंडू झेलणारा. पण सगळा सीझन कोचचं एकच, "तू फक्त पळ. समोरचे तुझ्यामागे लागले की चेंडू दुसऱ्याला देऊ." आठवडाभर लॅब आणि रविवारी हे ऊर फुटेस्तोवर पळणं. पार पिट्ट्या पडला होता त्याचा.

आज संपदा पहिल्यांदाच नवऱ्याची मॅच बघायला आली आणि आजच चेंडू त्याच्याकडे आला. त्याने उडी मारून तो झेलला. मग पुण्यात क्रिकेट खेळताना लहानपणापासून करत आला तेच केलं: आनंदाने चेंडू आभाळात भिरकावला. पण या खेळात झेल घेतल्यावर खेळ थांबत नाही, चेंडू घेऊन पळायचं असतं. खाली पडलेला चेंडू समोरच्यांनी उचलला, पळत नेला आणि मॅच जिंकली.

त्याच्या टीमने डोक्याला हात लावला. एकटी संपदा उभी राहून टाळ्या वाजवत होती.

बसमध्ये ती म्हणाली, "काय कॅच घेतलास रे! आता दर रविवारी येणार मी."

"ये ना."

"बॅग दे इकडे, दमला असशील."

त्याने बॅग दिली नाही. हेल्मेट आणि जर्सी तो मघाशीच क्लबला कायमची परत करून आला होता.