घट्ट भरलेल्या बांगड्या

पळस्प्याला मोटार उलटली म्हणून डॉक्टर तिकडे धावले आणि पनवेलच्या दवाखान्यात मूल पायाळू निघालं, तशी धाकूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पस्तिशीत नर्स झालेली ती बाळंतपणात गरम पाणीच पुरवायची. हात घालायचा तर बांगड्या काढाव्या लागत. दर्यावर गेलेला नवरा परतलाच नव्हता. गाव म्हणे, तो मेला. ती कुणाला उतरवता येऊ नयेत अशा घट्ट हिरव्या बांगड्या भरून वाट बघे. आता त्या साबणानेही निघेनात. "बाय, पोर वाचव," तिच्याच गावची बाळंतीण कण्हली. डोळे मिटून धाकूबाईने मनगटं खाटेच्या दांडीवर आपटली, धुतली, हात घातला. बाळ रडलं तेव्हा ती भुंडे हात लपवत होती. बाळंतिणीने आपल्या दोन सैल बांगड्या तिला चढवल्या. "माजा धनी पन दर्यावरच हाय. काय फुटल्याचं मी आयकलं नाय. तू पन नाय."