पुढची खिडकी

रुख्माबाई भेडाघाटला पोचल्या नाहीत. धबधबा दिसला नाही, होडी दिसली नाही, लालबर्‍याच्या पुढचा मैलाचा दगडसुद्धा दिसला नाही.

पण ते विसरा. कोणी काही सांगितलेलंच नाही. सकाळ आहे, बालाघाटातून गाडी निघाली आहे, आणि रुख्माबाई पुढच्या खिडकीशी बसून भेडाघाटला चालल्या आहेत.

पुढची खिडकी ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचे यजमान डोमाजी यांनी सारी उमर बालाघाट–लालबर्रा मिनीबस चालवली, आणि ड्रायव्हरशेजारची ती एकटी सीट कधी मास्तरांना दिली, कधी पोटुशी बाईला, कधी कोणाच्या दुखर्‍या गुडघ्यांना. घरच्या माणसाने मागे बसायचं, हा त्यांचा कायदा. रुख्माबाई माहेरीसुद्धा मागच्या चाकावर हादरे खात गेल्या. यंदा मालकाने मिनीबस भंगारात काढली, ती डोमाजींनीच घेतली, आणि पवनने, म्हणजे त्यांच्या पोराने, आत घर बसवलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. रंग तोच राहिला. काचेवरची 'बालाघाट–लालबर्रा' पाटीही राहिली, कारण ती काढायला गेलं की डोमाजी जेवत नसत.

"आज कोनाले बसवाचं नाही," रुख्माबाईंनी निघतानाच बजावलं होतं.

"हौ," डोमाजी म्हणाले होते.

पवन मागे पलंगावर मोबाईल घेऊन बसला होता. त्याच्याकडे रस्ता सांगणारं अ‍ॅप होतं, पाऊस सांगणारं होतं, मुक्कामाला गाडी कुठे लावावी ते सांगणारं होतं, आणि गाडी समतल उभी आहे की नाही तेही सांगणारं एक होतं. ते नसलं तर म्हणे ताटातलं वरण एका बाजूला जातं.

"पाच वाजता भेडाघाट," पवनने जाहीर केलं.

गाव संपतं न संपतं तोच एका माणसाने हात दाखवला. डोमाजींचा पाय ब्रेकवर गेला. पायाने कोणाला विचारलं नाही.

"काहून थांबले?" रुख्माबाई.

"मी कुठं थांबलो वो? गाडी थांबली."

खेमराज कोंड्याचं पोतं घेऊन चढला आणि पवनशेजारी टेकला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "डोमाजी भाऊ, सीटा काहून काढल्या?"

"घर हाय आता थे."

"असं का," म्हणत खेमराजने चपला काढून दाराशी ठेवल्या.

पुढच्या झाडाखाली दोन बाया चढल्या आणि शेगडीपाशी बसल्या. त्याच्या पुढे कॉलेजच्या पोरी. एकीने टाकीतलं पाणी पिऊन "मस्त थंडं हाय" असा शेरा दिला. रस्त्याच्या अ‍ॅपने पाचचे सहा केले, सहाचे सात केले, मग वेळ सांगणंच सोडून दिलं.

"बाबा, गाडी डाव्या बाजूले झुकून राह्यली!" पवन ओरडला.

"दोघंजन उजवीकडं सरका!" डोमाजी ओरडले.

लोक सरकले.

"आता?"

"एकदम बरोबर."

घेतल्यापासून ते अ‍ॅप पहिल्यांदाच कामी आलं. पवनची मान जरा ताठ झाली.

रुख्माबाई खिडकीबाहेर बघत होत्या. भेडाघाट हुकला, हे त्यांना कळलं होतं. धबधबा काय, तो त्यांच्यावाचूनही पडत राहिला असता. खिडकी तेवढी राहायला हवी होती.

आणि तेवढ्यात लिंबाखाली जिजाबाई दिसली. हातात काठी. जिजाबाई जन्मात मागच्या दाराने चढली नव्हती. गाडी थांबताच तिने पुढचं दार उघडलं आणि उभी राहिली.

"उठ वो बाई. माहे गुडघे."

रुख्माबाईंनी पदर आवरला. एक पाय पायरीवर टाकलासुद्धा. उठायची सवय जुनी. गाडी उभी होती, तरी डोमाजी समोर रस्त्याकडेच बघत होते.

"जिजाबाई, मांगं पलंग हाय. पाय लंबे करून बसा."

"अन हे सीट?"

"राखीव हाय."

"कोनासाठी?"

डोमाजींनी उगाचच एकदा हॉर्न वाजवला. मग म्हणाले, "माह्या घरचीसाठी."

जिजाबाईने रुख्माबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू त्यांची आजच ओळख झाली होती. "मंग पह्यलेच सांगाचं ना, भाऊ," म्हणत ती मागे गेली. खेमराजने पोतं सरकवलं. जरा वेळाने आडव्या जिजाबाईचा आवाज आला, "गादी चांगली हाय."

रुख्माबाईंनी पाय आत घेतला. कोपर खिडकीबाहेर काढलं. आणि हात लांबवून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"चलू द्या!"

लालबर्‍याच्या स्टँडवर गाडी सवयीने वळली आणि बालाघाटकडे तोंड करून उभी राहिली. 'यू-टर्न लें,' मोबाईल म्हणाला. डोमाजींनी यू-टर्न आत्ताच घेतला होता. परतीचे लोक चपला काढून आत चढू लागले. मोबाईलने शेवटी हार मानली आणि विचारलं: तुमचा प्रवास कसा झाला? सूचना द्या.

"माय, काय लिहू?"

रुख्माबाईंनी खिडकीतूनच सांगितलं. पवनने ते सरकारी भाषेत बसवलं आणि पाठवून दिलं:

'सविनय विनंती की, अर्जदाराचे पती गाडी लालबर्‍याच्या पुढे नेऊ शकत नाहीत, व अर्जदार पुढची खिडकी सोडू इच्छित नाही. सबब, भेडाघाट लालबर्‍याच्या अलीकडे सरकवण्यात यावा.'